नमुनापाठ
उमरखेडच्या शिक्षकशिबिरात नवी वाचनपद्धत आली: मुलाच्या तोंडचं वाक्य फळ्यावर लिहायचं, तेच सगळ्यांनी वाचायचं. मुलं कापूस वेचायला गेलेली, म्हणून शिबिर घेणाऱ्या साहेबांनी पन्नाशीतल्या सदाशिवराव गुरुजींनाच पहिलीत बसवलं. त्यांची सहा वर्षांची लेक पोळ्याआधी देवीच्या साथीत गेली होती. रजेच्या अर्जात त्यांनी ‘घरगुती कारण’ लिहिलं, त्यामुळे कोणालाच ठाऊक नव्हतं. पाठ घ्यायला शिक्षिका इंदुताई उभ्या राहिल्या. “बाळ, तू घरी बाबाले काय म्हंतं?” सदाशिवराव म्हणाले, “बाबा, लोकायच्या पोरायले शिकवता, मले कवा शिकवसान?” सगळे हसले. “काय नक्कल करून राह्यले गुरुजी!” मागून कोणी म्हणालं. इंदुताईंनी वाक्य फळ्यावर लिहिलं. चाळीस शिक्षकांनी ते एका सुरात वाचलं. “आता बाळ एकटं वाचेल,” साहेब म्हणाले. सदाशिवराव उठून फळ्याकडे पाहत राहिले. “मले वाचता नाही येत, बाई.”