पुढचं पिंप

धुकं इतकं दाट होतं, की सुकाणू धरलेल्या मॅग्नसला पुढचं जहाज दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त पुढे उडणारा पांढरा फवारा. धुक्यात काफिल्यातलं प्रत्येक मालवाहू जहाज दोरानं एक पिंप मागे ओढत नेई. मागच्यानं त्या पिंपाच्या फवाऱ्यावर नजर ठेवून चालायचं. जो चुकला तो एकटा पडला, आणि एकट्याची वाट पाहायला पाणबुड्या टपलेल्याच असत.

"जागा आहेस ना रे?" शेजारी पहाऱ्यावर असलेल्या ट्रेगेन्झासाहेबांनी विचारलं.

"डोळे जागे आहेत साहेब. बाकीचा कधीच झोपलाय."

"आज पुढचं 'ब्रॅकनडेल' सरळ चाललंय बघ. एरवी प्यायल्यासारखं जातं."

एवढ्यात डावीकडून संरक्षक युद्धनौका धुक्यातून बाहेर आली. तिच्या भोंग्यातून कप्तान खेकसला, "अहो, काफिला इकडे राहिला! तुम्ही निघालात कुणामागे?"

"ब्रॅकनडेलच्या! पिंप दिसतंय की समोर!" ट्रेगेन्झासाहेब ओरडले.

भोंग्यातून पुन्हा आवाज आला.

"ब्रॅकनडेल सकाळीच बुडालं. त्याची माणसं माझ्याकडे चहा पितायत."

धुकं विरळ झालं. पुढे नुसता समुद्र होता. पिंप मात्र फवारा उडवत झपाझप चाललं होतं, आणि त्याचा ताठ दोर तिरका पाण्याखाली उतरला होता.

"मॅग्नस, डावीकडे! पूर्ण डावीकडे घे!"

मॅग्नसनं चाक गरगर फिरवलं. जहाज सावकाश वळलं.

पण त्याच्या क्षणभर आधीच पिंपही डावीकडे वळलं होतं.