स्थिर खर्च

वहिनी स्टुलावर चढून नवा पडदा लावत होती आणि दादा खालून स्टूल धरून सूचना देत होता. धाकटी बहीण दारात दिसताच त्याने एक हात सोडून सलाम ठोकला.

"या, विजेच्या मालकीणबाई! आज बरी वाट चुकलात!"

"अहो, स्टूल धरा," वहिनी वरून म्हणाली.

क्वार्टरच्या त्या खिडकीतून वीजकेंद्राचं धुराडं दिसत असे. तिथे बियांचं तेल जाळून वीज काढत. दादाची सगळी नोकरी त्या इंजिनांपाशी गेली होती. घरही नोकरीचंच.

"कळलं आम्हाला," तो म्हणाला. "तुझी योजना मंजूर झाली. आमचं केंद्र बंद होणार नाही. राखीव!"

"हो, राखीव."

"म्हणजे वारा पडला, ऊन गेलं, की आम्हाला हाक. एरवी तेल टाकीत आणि आम्ही खुर्चीत. थाट आहे जावयाचा!"

ती हसली नाही. हे गणित तिने मुख्यालयातल्या आपल्या टेबलावर कितीदा तरी मांडलं होतं. केंद्र रोज चालवावं, तर तेल इतकं महाग की वीज कुणाला परवडेना. बंद करावं, तर वारा नसलेल्या ढगाळ दिवसांत दवाखानेसुद्धा अंधारात. राखीव ठेवूनही खर्च काही केल्या बसत नव्हता. शेवटी तिने एका रकान्यात शून्य भरलं. इंजिनं मुख्यालयातून, बटण दाबून चालू होतील. मग सगळं चोख बसलं. तो रकाना कुणाचा, हे तिला भरतानाच माहीत होतं.

कार्यालयाचं पत्र येण्याआधी आपण सांगावं, म्हणून ती आली होती.

"पण खरं सांग," दादा म्हणाला, "तुझ्या गणितात आम्ही बसतो कुठे? तेलाच्या खर्चात नको हं घालूस. तेलाच्या नावानं सगळेच बोटं मोडतात."

"नाही. माणसं स्थिर खर्चात धरतात."

"म्हणजे काय?"

"यंत्र चालो न चालो, जो करावाच लागतो, तो."

दादाने स्टुलावर अशी थाप मारली की वहिनीने खिडकीची चौकट धरली. "ऐकलंस का गं? आपण स्थिर! बाबा म्हणायचे, हा पोरगा कुठे टिकायचा नाही!"

"दादा, तो खर्च..."

"खर्चाचं राहू दे. आधी चहा. आज मीच टाकतो." तो आत गेला. भांड्याचा आवाज आला, मग त्याची शीळ.

वहिनी वरूनच तिच्याकडे बघत होती.

"वन्सं, माणसांचा तो स्थिर खर्च किती धरलात?"

धाकटीने पर्सचा बंद घट्ट धरला. उत्तर तिला तोंडपाठ होतं. तिने आतल्या शिळेच्या दिशेने पाहिलं.

वहिनीने ते पाहिलं. मग ती पुन्हा दांडीकडे वळली आणि शेवटची अडकवलेली कडी काढली. मग तिच्या आधीची. पडदा एका बाजूने सुटत गेला. मागून धुराडं दिसू लागलं.

"लागला का गं पडदा?" आतून दादाने विचारलं.

"लागला," वहिनी म्हणाली, आणि आवाज न करता पुढची कडी काढली.