भरीव डोंगर

"हा डोंगर भरीव का केलास रे?" पाशकेच्या मित्राने, ओस्वाल्डने, टिचकी मारून पाहिलं. "आत हात कसा घालणार? बोगद्यात गाडी घसरली म्हणजे?"

पाशके रुळाचा तुकडा फडक्याने पुसत राहिला. पोकळ डोंगरात गाडी फार खडखडते, म्हणाला, आपल्याला आवाज सोसत नाही.

ओस्वाल्ड हसला. छोट्या आगगाड्यांचा नाद त्यालाही होता, सबंध बर्लिनलाच होता म्हणा ना. तारेची जाळी, रद्दी कागद, वरून प्लास्टर, असा पोकळ डोंगर करायचा, हे शेंबडं पोरही जाणतं. इथे तर एक इंजिन, दोन डबे, आणि डोंगर तळघराच्या तिन्ही भिंतींना लागून छताला टेकायला आलेले. "आधी गाड्या तरी घे," तो म्हणाला. "का पोरीला नुसते डोंगरच दाखवणार आहेस?"

पोर म्हणजे उर्सेल. शहराच्या मधोमध भिंत घातली त्या रविवारी ती आईबरोबर आजीकडे गेली होती, दोन गल्ल्या पलीकडे. त्या दोन गल्ल्या पश्चिमेच्या निघाल्या. मायलेकी तिकडेच राहिल्या, पाशके इकडे. नाताळात झाडाखाली आगगाडी मांडून देईन असं त्याने उर्सेलला कबूल केलं होतं. तेव्हापासून तो मांडतोच आहे. माणसाने काहीतरी करायला हवं ना? नाहीतर वेड लागेल.

रविवारी दुपारी तो जिन्याच्या वरच्या खिडकीशी उभा राहायचा. भिंतीपलीकडे त्याची बायको हेडविग पोरीला खांद्यावर घेऊन रुमाल हलवायची. हल्ली उर्सेलला खांद्यावर घ्यावं लागत नव्हतं, एवढी ती उंच झाली होती. हे लक्षात आलं त्या दिवशी पाशकेला जेवण गेलं नाही.

कारखान्यातून आला की तो सरळ तळघरात उतरायचा. आधी उर्सेलचं गोष्टींचं पुस्तक उघडायचा आणि एक पान मोठ्याने वाचायचा, पूर्वी तिला वाचून दाखवायचा तसं. खूण होती तेच पान. तिच्याशिवाय पुढचं वाचायला त्याचं मन होत नसे. मग ग्रामोफोनवर नाचाची तबकडी लावून कामाला लागायचा.

तबकडी संपली रे संपली की वर लोबिशबाईंचा रेडिओ सुरू व्हायचा. या बाई म्हणजे इमारतीच्या, सरकारने नेमलेल्या राखणदार. कोण कुणाकडे आलं, किती वाजता गेलं, सगळी खबर त्यांच्याकडे. तळमजल्यावर राहायच्या, अगदी पाशकेच्या डोक्यावर. कधी लष्करी बँड, कधी भाषण, आणि आवाज एवढा की भिंती हादरायच्या. तिसऱ्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले तर बाईंनी त्यांनाच झापलं. ओस्वाल्ड म्हणाला, बाई बहिरी झाली वाटतं. कसली बहिरी! तिसऱ्या मजल्यावर चमचा पडला तरी कुणाच्या घरात पडला ते सांगतील.

पाशके त्यांना टरकून असायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा आर्नो भिंतीच्या आधीच पलीकडे निघून गेला होता. माझ्यापुरता तो मेला, असं बाईंनी भर सभेत सांगितलं होतं. पोटच्या पोराला असं म्हणणारी बाई दुसऱ्याची काय गय करणार?

त्यात त्या रोज संध्याकाळी बटाट्याचं सूप घेऊन खाली यायच्या, दारावर पळी वाजवायच्या. पाशके दार किलकिलं करून डबा घ्यायचा. डबा दिवसेंदिवस जड होत चालला. सूप दाट, वर सॉसेज, जाडजाड पाव.

"गाडी-गाडी खेळणाऱ्याला भूक बरी लागते," बाई एकदा म्हणाल्या.

"थंडी आहे ना, लोबिशबाई."

बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली त्याची कामाची विजार गायब. संध्याकाळी परत आली ती दोन्ही गुडघ्यांना चामड्याची ठिगळं लावून, पक्क्या दुहेरी शिवणीत. कुणी सांगितलं होतं? त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी डोंगर छताला टेकला. वर मूठभर माती मावायलाही जागा उरली नाही. पाशकेने इंजिनाला दोन डबे जोडले आणि गाडी सोडली. गाडी स्टेशनातून निघाली, बोगद्यात शिरली, वळसा घालून बाहेर आली. छान धावली. उर्सेल असती तर तिने टाळ्या पिटल्या असत्या, असं मनात आलं आणि त्याला रडूच फुटलं.

डोळे पुसून त्याने गाडी उचलली, पिशवीत पुस्तकाशेजारी ठेवली. मग दोन डोंगरांमधली निळ्या रंगाची, ढग काढलेली फळी बाजूला सरकवली. मागे भिंतीत भोक होतं, माणूस गुडघ्यांवर रांगत जाईल एवढं. आतून गार वारा आला.

वर रेडिओ गर्जत होता. तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

लोबिशबाई आत आल्या, त्यांनी दार लावून घेतलं. अंगात लांब कोट, डोक्याला रुमाल. त्यांनी ती फळी पाहिली, भोक पाहिलं. इतक्या जवळ येऊन सगळं गेलं.

"तुमची तबकडी फार छोटी हो, पाशके," बाई म्हणाल्या. "ती संपली की फावडं स्पष्ट ऐकू येतं. तो बँड मला आवडतो म्हणून लावत होते वाटलं का?"

बाईंनी कोटाची बटणं सोडली. आत त्यांच्या दिवंगत नवऱ्याची जुनी विजार होती, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांना चामड्याची ठिगळं.