कपाखालचं कार्ड

अम्मानच्या बिल्डर-दलालांच्या मेळाव्यात मी नवखी दलाल होते. बडे बिल्डर घस्सानसाहेब यांना मी माझं कार्ड दिलं, तर त्यांनी त्यावर कॉफीचा कप ठेवला. "छान बशी आणलीस गं पोरी!" सगळे हसले. मग मी कोपऱ्यातल्या माझ्यासारख्याच नवख्यांशी ओळखी केल्या.

आज शहरातली निम्मी गिऱ्हाइकं त्याच ओळखींतून माझ्याकडे येतात. काल घस्सानसाहेब स्वतः ऑफिसात आले, कार्ड दिलं आणि मी दिलेली कॉफी न पिताच कप टेबलावर ठेवला. "रुदैनामॅडम, माझा रिकामा टॉवर विकून देण्याचा शब्द द्या, मगच पिईन." पाहुणा न पिता उठला, तर आमच्यात यजमानाची नाचक्की होते.


मी त्यांचं कार्ड कपाखाली सरकवलं. "होऊ दे गार, काका. आता टेबलाला डाग पडणार नाही."