शेवटची वडी

प्लास्टिकच्या बाटल्यांचा आईला भारी तिटकारा, म्हणून ती शाम्पूच्या वड्या घरीच साच्यात पाडायची. पहिली वडी दगडासारखी झाली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "या वडीनं डोकं धुवायचं की फोडायचं?" आई गेली आणि मागे एकच वडी उरली. बाबांनी ती बाथरूममधल्या जाळीवर ठेवून लेकीला बजावलं, "दोघांनी वापरून संपवायची. तिनं काही कपाटात जपायला केली नव्हती."

म्हणाले खरे, पण वडी केसांना लावायला त्यांचाच हात धजेना. ते अंगाच्या साबणानंच डोकं धुवायचे. पोरीला कळलं तर तीही हात आखडता घेईल, म्हणून आंघोळ झाली की वडी नळाखाली धरून ओली करून ठेवायचे. वडी झिजत चाललेली बघून त्यांना बरं वाटायचं. लेकीच्या केसांवरून तरी आईचा हात फिरतोय.

एका सकाळी जाळीवर नुसता फेस उरला. बाबांनी तो बोटानं निपटला आणि खाली मान घालून म्हणाले, "सगळी तुझ्याच केसांना लागली गं. मी आपली रोज नुसती भिजवून ठेवायचो."

लेकीनं मळक्या कपड्यांच्या टोपलीत तळाशी हात घातला आणि दडवलेली शाम्पूची बाटली बाहेर काढली.

 

"बाबा, मीपण रोज नुसती भिजवूनच ठेवत होते."