ओळखीची खूण

कर्नाटकात पहिली ते दहावी गावच्या शाळेत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या काही सीट राखून ठेवलेल्या असतात. त्या सीटपायी महांतेशने बायको-मुलीला गावीच ठेवलं आणि स्वतः बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एकट्याने दिवस काढले. रंजिताला सीट मिळाली, तीही बेंगळुरूतच. ते बघायला त्याची बायको कृष्णाबाई मात्र राहिली नाही.

कॉलेजचा अर्ज भरताना तो एका रकान्यापाशी अडला.

"अंगावरची ओळखीची खूण... काय लिहू गं?"

"पाठीवर भाजल्याचा डाग."

"कधी भाजलीस तू?"

"तिसरीत असताना, अप्पा. आई म्हणाली, तुझ्या अप्पांना सांगू नकोस. ऐकलं की ते आपल्याला उचलून बेंगळुरूला नेतील, अन् तुझी सीट जाईल."