तेरा मॅचेसचा डेटा

"शोभा, तू जरा खाली जाऊन येतेस का?" एकनाथ म्हणाला.

"कशाला?"

"पाणी आण."

पाण्याची भरलेली बाटली त्याच्या मांडीवर होती. सातव्या इनिंगला शोभानेच आणलेली. ती खाली स्टॉलच्या रांगेत उभी असताना वर स्टेडियममधून गर्जना ऐकू आली होती आणि त्यांच्या बेसबॉल टीमने, हेरन्सनी, तीन रन्स काढल्या होत्या. आठव्या इनिंगला त्याला नाचोज हवे झाले. आता नववी, म्हणजे शेवटची इनिंग सुरू होत होती. हेरन्स ४–३ने पुढे होते. समोरच्यांचे आणखी तीन आउट झाले की मॅच खिशात, आणि दोन आठवड्यांनंतर शोभाला आपली टीम जिंकताना दिसणार होती.

"पाणी आहे," ती म्हणाली.

एकनाथने पलीकडे बसलेल्या राजारामकडे पाहिलं. राजाराम त्याचा मित्र, एका इन्शुरन्स कंपनीत डेटाचा हेड. त्याने घसा साफ केला आणि फोन पुढे धरला. फोनवर तक्ता होता. लाल रकाने पुष्कळ, हिरवा एक.

"वहिनी, रागावू नका. जूनच्या मध्यापासून तेरा मॅचेस झाल्या. बारा तुम्ही पाहिल्यात, बाराही हरले. एक तुम्ही पाहिली नाहीत, तेवढी जिंकले."

"त्या दिवशी माझं रूट कॅनाल होतं."

"तेच. कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे, सोबत घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं असं नाही, हे मी ऑफिसात रोज सांगतो. पण बारापैकी बारा म्हणजे... यार, काहीतरी आहे."

"हा तक्ता कधी केलात?"

"तुम्ही नाचोज आणायला गेला होतात तेव्हा."

शोभाला राग आला. तो तक्त्याचा नव्हता. रूट कॅनालच्या संध्याकाळी, अर्धा जबडा बधिर असताना, हेच तिच्याही मनात आलं होतं. पुढच्या मॅचच्या पहिल्या दोन इनिंग तिने कुणाला न सांगता बाथरूममध्ये काढल्या होत्या. टबच्या कडेवर बसून. हेरन्स तरीही हरले होते.

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," एकनाथ म्हणाला. "आपली टीम आहे ना?"

आपली. एप्रिलपासून रोज रात्री जेवताना हा माणूस एवढंच विचारायचा, "आज कितीने हरले?" आणि उत्तर यायच्या आत लोणचं मागायचा.

"खाली टीव्ही आहेत," ती म्हणाली. "तिथे बघते मग."

"टीव्हीकडेही नका बघू, वहिनी," राजाराम कळवळून म्हणाला.

ती उठली. दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. तेवढ्यात एकनाथ मागून प्रेमाने म्हणाला, "मी तुला सगळं नीट सांगेन."

शोभा वळली. परत आली, त्याचे गुडघे ओलांडून आपल्या खुर्चीत बसली.

"शोभा."

"एकनाथ, इथे सव्वीस हजार लोक बसलेत. आधी त्यांना एकेकाला पाणी आणायला पाठव. माझा नंबर आला की मी उठते."

"हळू बोल. लोक बघताहेत."

"त्यांना मॅच बघू दे म्हणावं. ते काही हरवत नाहीयेत."

पहिला आउट झाला. दुसरा झाला. शोभा तिथेच बसलेली होती. त्याची नोंद कुणी घेतली नाही.

मग समोरच्यांचा एक जण पहिल्या बेसवर पोचला, आणि पुढच्याने चेंडू असा उचलला की तो वर जातोय तोवरच चेंडू टाकणारा हेरन्सचा पिचर मान खाली घालून उभा राहिला. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला. दोन रन्स. ५–४. उत्तर द्यायला हेरन्स बॅटिंगला आले आणि नऊ चेंडूंत तिघेही घरी गेले.

लोक उठायला लागले. कुणी शिव्या देत होतं, कुणी नुसतंच कॅप झटकत होतं. एकनाथ काही बोलला नाही. शोभाला ऐकू जाईल अशा बेताने काही बोलला नाही. राजारामने हळूच फोन काढला.

"भरा," शोभा म्हणाली. "भरा ना. तेरा झाले."

"तसं नाही, वहिनी..."

"तुम्ही जूनपासून मोजलंत. मी एप्रिलपासून बघतेय. चौऱ्याऐंशी मॅचेस पाहिल्या, त्यातल्या बत्तीस जिंकताना पाहिल्या. आता तुमचं सांगा. या सीझनला किती पाहिल्यात?"

"आमची... ही पहिलीच."

"आणि?"

राजारामने फोनची काच शर्टाला पुसली.

"एक पाहिलीत, एक हरले. शंभर टक्के. या माणसाचेही शंभर. घाला तक्त्यात."

"एक सॅम्पल धरत नाहीत, वहिनी."

"माझं रूट कॅनाल धरलंत ना? तेही एकच होतं."

राजारामने एकनाथकडे पाहिलं. एकनाथने मैदानाकडे पाहिलं, जिथे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग राजारामने निमूटपणे दोन नवे रकाने काढले आणि दोन्ही लाल केले. धंद्याचा प्रामाणिकपणा.

"चल, निघू या," एकनाथ म्हणाला. "पार्किंगमध्ये गर्दी होईल."

"उद्याची मॅच दुपारी एक दहाला आहे," शोभा म्हणाली. ती अजून बसलेलीच होती. "मी एकटी येणार आहे."

"बरं. मी सोडतो तुला. बाहेर पार्किंगमध्येच थांबतो."

"नको," ती म्हणाली. "मी ट्रेनने येईन. पार्किंग लॉट फार जवळ पडतो."